घडीवरची रेघ

ओतूरच्या स्टँडसमोर, एसटीडी बूथला लागून, त्या झेरॉक्सवाल्याचं दुकान होतं. सातबारा असो की शाळेचा दाखला, तो कागद आधी वाचायचा, मगच मशीनवर ठेवायचा. वाचताना त्याचे ओठ हलायचे. माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. आख्ख्या पंचक्रोशीच्या भानगडी वाचलेला माणूस गप्प राहीलच कसा?

मी बी.ए. झाले त्या वर्षी राज्यशास्त्राच्या एम.ए.साठी मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, पुण्याला आणि दिल्लीला. घरी मी फक्त पुण्याचं पत्र दाखवलं होतं. माझे वडील, दादा, बाजारच्या दिवशी याच दुकानाच्या पायरीवर टेकायचे. म्हणून दोन्ही पत्रं त्याच्या हातात देताना मी त्याचं तोंडच न्याहाळत होते.

दिल्लीच्या पत्राची पहिली प्रत निघाली, तशी त्यानं ती चटकन ड्रॉवरमध्ये टाकली.

"ती का ठेवली? द्या इकडं!" मी ओरडलेच.

त्यानं निमूट काढून दिली. मजकुरावरून आडवी काळी रेघ गेली होती.

"खराब आली, ताई. घडी उमटली. पुण्याचं पत्र कोरं करकरीत हाय, हे मातर उघडून उघडून फाटाय आलंय." पत्र काचेवर तळहातानं दाबत तो म्हणाला, "मी कुणाला सांगायची गरजच न्हाई."

संध्याकाळी मी ते पत्र दादांपुढं ठेवलं. एक अक्षरही वाचण्याआधी त्यांनी घडीवरून बोट फिरवलं.

"कवा आलंय हे?" त्यांनी विचारलं.