मी स्वतःला नोकरीवर ठेवलं तेव्हा

वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी स्वतःला पगार सुरू केला.

नाशिक रोडला माझं जळालेल्या विजेच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान होतं. लागेल तसे गल्ल्यातून पैसे उचलायचे, एवढीच माझी पद्धत. नव्वद सालानंतर कधीतरी स्कूटरसाठी कर्ज काढायला पतसंस्थेत गेलो. साहेबांनी विचारलं, महिन्याला किती घेता? मी म्हणालो, "लागतील तेवढे." त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

संध्याकाळी घरी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यापासून मला आठ हजार पगार. सुनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, शांतपणे विचारलं, हे ठरवलं कोणी?

"मालकाने," मी म्हणालो.

"मग मालकालाच विचारा, माझा किती ठरवलाय?"

मी हसलो. (इथेच चुकलो.) अकरा वर्षं दुकानाची बिलं, वसुली आणि फोन तीच सांभाळत होती. मी दोन हजार म्हटलं. शेजारच्या हार्डवेअरवाल्याच्या कारकुनाला तीन मिळतात, ही माहिती तिने आधीच काढलेली होती. तीन ठरले.

सकाळी बातमी निवृत्तीपर्यंत पोचली. निवृत्ती आमचा एकमेव कारागीर. तो तारेचं रीळ खाली ठेवत म्हणाला, "शेठ, मोटार मी भरतो. तुम्ही गिऱ्हाइकाशी गप्पा मारता. गप्पांचे आठ हजार?" अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीतून बोलावणं आल्याचंही त्याने जाता जाता सांगितलं. त्याचे दीड हजार वाढवले.

राहिले माझे वडील. आयुष्य सरकारी नोकरीत गेलेलं. त्यांना पैसे नको होते, शिस्त हवी होती. त्यांनी हजेरीपट आणला आणि नऊला दुकानात येऊन बसू लागले. मी सव्वानऊला पोचायचो. तीन लाल खुणा झाल्या, की अर्धा दिवस कापायचा, असा त्यांचा नियम. माझ्याच दुकानात माझा पगार कापला जात होता आणि तक्रार करायला वर कोणी साहेबही नव्हता!

एक तारखेला सुनीताने पाकिटं वाटली. निवृत्तीचं, तिचं, मग भाडं, वीजबिल, तांब्याची तार. माझ्या पाकिटात चिठ्ठी निघाली: "पुढच्या महिन्यात बघू." असे सहा महिने बघण्यात गेले.

स्कूटर मात्र आली. सुनीताच्या पगारपत्रकावर पतसंस्थेने एका फेरीत कर्ज दिलं. अर्ज तिनेच भरला. ती सही करत असताना मी सहज डोकावलो, तर 'अर्जदारावर अवलंबून असलेल्या व्यक्ती' या रकान्यात पहिलं नाव माझं होतं. हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण साहेबांनी विचारलं असतं, पुरावा काय?