दोनदा चोळलेले गहू

आमच्या घरी महागाईची पहिली बातमी कोथिंबीर आणते. बडोद्यात भाजी घेतली की भाजीवाली वर मूठभर 'मसाला' फुकट टाकते, म्हणजे चार काड्या कोथिंबीर, दोन मिरच्या, आल्याचा तुकडा आणि तिचा मूड चांगला असेल तर एखादं लिंबू. त्या वर्षी होळीच्या आधीच हा मसाला बंद झाला. आमच्या वाडी भागातल्या नाक्यावर मी पिशवी उघडी धरून उभा राहिलो आणि भाजीवाली सरळ पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

"बेन, मसालो?" मी विचारलं.

"भाई, धाणा तो हवे वेचाता आपवाना," ती म्हणाली. कोथिंबीर आता विकतच घ्यायची.

मी भांडलो. मी भांडतोच, माझा स्वभाव आहे तो. घरी येऊन बायकोपुढे तावातावाने सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, कोथिंबिरीचं काय घेऊन बसलात? तेलाचा डबा केवढ्याला झालाय ते विचारा." मी विचारलं नाही. पण हळूहळू मला ताटात कळायला लागलं. आमटी पातळ झाली, टोमॅटोच्या जागी आमसूल आलं, कोशिंबिरीतला दाण्याचा कूट नावापुरता उरला. त्यातच सावली गावाच्या बाजूला मी ज्या कारखान्यात कामाला आहे, तिथला ओव्हरटाइम बंद झाला. मी कुरकुरत का होईना, सगळं खात होतो. मला खरी भीती होती ती गव्हाची. गव्हाची म्हणजे आईची.

इथे वर्षाचे गहू एकदम भरायची पद्धत आहे. उन्हाळ्यात गहू आणायचे, गच्चीवर ऊन द्यायचं, मग त्यांना हाताने एरंडेल चोळायचं, म्हणजे कीड लागत नाही, आणि मोठ्या पत्र्याच्या कोठीत भरून ठेवायचे. आई लग्न होऊन भुसावळहून बडोद्याला आली, बाबा रेल्वेत होते, तेव्हा शेजारच्या गुजराती बायकांकडून ती हे शिकली. मग तिने ते इतकं आपलंसं केलं की त्याच बायका तिला विचारायला यायच्या, किती तेल घेऊ म्हणून. आमच्या घरी वर्षाला सहा मण गहू लागतात. इथला मण वीस किलोचा.

आईने दुष्काळ बघितलेला आहे. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या खाल्लेल्या आहेत, त्या गिळताना घशाला कशा टोचायच्या तेही ती सांगते. त्या दिवसांनी तिला एक खोड लावून ठेवली. रोज सकाळी अंघोळ झाली की देवाला नमस्कार करायचा आणि मग कोठीवर बोटाच्या पेरांनी तीन ठिकाणी वाजवायचं, वर, मध्ये आणि खाली. गहू कुठपर्यंत आहेत ते तिला आवाजावरून कळायचं. आणि कोठी खाली गेली की आईचं जेवण कमी व्हायचं. कुणी सांगायची गरज नसे. माझ्या लहानपणी बाबांचा पगार एकदा काही महिने अडकला होता, तेव्हा आम्ही मुलं पोटभर जेवत होतो आणि आई रोज म्हणत होती की तिला आज भूक नाही. मला ते पुढे कितीतरी वर्षांनी उमगलं.

त्या वर्षी ती नुकतीच मोठ्या तापातून उठली होती. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. काचबिंदूमुळे डोळ्यांना सावल्यांपलीकडे फारसं दिसत नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की औषधं पुरे झाली, आता यांना खायला घाला, नाहीतर पुढचा ताप यांना झेपायचा नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती. काहीही होवो, आईने कमी खाता कामा नये.

आम्हाला दरवर्षी गहू देणारा माणूस माझ्याच कारखान्यात कामाला आहे, त्याची सावलीजवळ शेती आहे. तो मला जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "भाई, आ वरसे उतारो ज नथी." यंदा पीकच उतरलं नाही, मार्चमध्येच ऊन तापलं आणि दाणा भरलाच नाही, असं त्याचं म्हणणं. तो तीन मणच देऊ शकत होता, आणि खरं सांगायचं तर त्याने सांगितलेल्या भावात मलाही तेवढेच परवडत होते. बाजारात उरलेले तीन मण शोधले. भाव ऐकून दोन दुकानदारांशी भांडलो आणि हात हलवत परत आलो. भाव उतरला की घेऊ, असं स्वतःला सांगितलं.

मग मला ती युक्ती सुचली. मी स्वतःवर खूश झालो होतो, हे इथे कबूल करतो.

पहिल्या दिवशी मी तीन मण गहू गच्चीवर पसरले. आई आणि बायको दोघी चादरीवर बसल्या, मध्ये एरंडेलाचं पितळी वाडगं. ऊन चढायच्या आत गहू चोळून झाले. "उरलेले उद्या," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी तेच गहू पुन्हा गच्चीवर नेले, तशाच राशी घातल्या आणि आईला हात धरून वर आणलं.

बायकोने आदल्या रात्रीच सांगून टाकलं होतं, "मी या नाटकात नाही. आणि त्यांना कळेल." मी म्हणालो, कसं कळेल? दिसत तर नाही. डोळे गेले म्हणजे सगळंच गेलं, असं मी धरून चाललो होतो.

आई राशीसमोर बसली. तिने गव्हात हात घातला आणि क्षणभर तसाच ठेवला. मग म्हणाली, "छान आहेत रे गहू. काल होते तसेच." मी वाडगं तिच्याजवळ सरकवलं आणि मोबाइल घेऊन कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो. खोटं बोलल्यावर तिच्यासमोर बसवत नव्हतं. मध्येमध्ये येऊन नवी रास घालायचो आणि पुन्हा पाठ फिरवायचो. ती एकटी दहा वाजेपर्यंत चोळत होती.

ती दुपारी झोपली तेव्हा मी तेलाचे रिकामे डबे कोठीच्या तळाशी रचले, मावतील तेवढे, आणि वरून गहू ओतले. कोठी काठोकाठ दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कोठी वाजवली. वर, मध्ये, खाली. खाली तिने दोनदा वाजवलं. "भरली," ती म्हणाली आणि चहाला बसली. मी बायकोकडे विजयी मुद्रेने बघितलं. ती एरंडेल बाटलीत परत ओतत होती. "बरंच उरलं की," असं काहीतरी पुटपुटली. मी लक्ष दिलं नाही.

आई दोन पोळ्यांवरून एका पोळीवर आली ती पावसाळ्यात. एके दिवशी म्हणाली, "आता दोन जात नाहीत. वय झालं." मग संध्याकाळची पोळी अर्धी झाली. मी रागावलो, बायकोने गूळतूप लावून दिलं, तर आईने ते कौतुकाने माझ्याच ताटात सरकवलं. तिच्या हातातली सोन्याची बांगडी कोपराच्या दिशेने सरकायला लागली. पुन्हा डॉक्टर, पुन्हा रक्त, लघवी, फोटो. काही निघालं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "जेवतात किती?" मी म्हटलं, "वयामुळे भूक कमी झालीय." आई शेजारीच बसली होती, तिनेही मान हलवली. तिच्या लेखी कोठी तर भरलेली आहे, म्हणजे हे खरंच वय असणार, असं मला वाटत होतं. मला रात्र रात्र झोप लागत नव्हती. आई आपल्या हातून जातेय, एवढंच कळत होतं.

नवरात्र चार दिवसांवर आलं होतं. रविवारची दुपार. बायको काही कामासाठी रावपुऱ्यात गेली होती. घंटीवर, म्हणजे पिठाच्या गिरणीवर, दळण न्यायचं म्हणून मी कोठीत वाकून गहू काढत होतो. माप खाली गेलं आणि टण्णकन डब्यावर आपटलं.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "लागला का डबा?"

मी माप कोठीतून वर काढलं. ती भिंतीला धरत बाहेर आली आणि कोठीशेजारी पाटावर बसली.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"गच्चीवर. गव्हाला तेल लागलंय की नाही ते कळायला डोळे कशाला लागतात? दुसऱ्या दिवशी मी तेलात बोटच नाही घातलं. वाडगं भरलेलं होतं तसंच होतं. तू बघितलं नाहीस."

दहा वाजेपर्यंत ती उन्हात कोरड्या हातांनी गहू चोळत बसली होती.

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलोच.

"ओरडू नकोस, गहू सांडतील. मला कळू नये म्हणून तू एवढी धडपड करत होतास. मग मला कळून कसं चालेल?"

"आणि पोळ्या? त्या का कमी केल्यास?"

ती कोपराकडे गेलेली बांगडी खाली ओढत राहिली. मग म्हणाली, "तीन मणांत वर्ष कसं निघणार? तू तिकडे दिवसभर भट्टीपाशी उभा असतोस. ती घरात राब राब राबते. मी नुसती बसून असते. मला कशाला हव्यात दोन पोळ्या?"

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, हातात गव्हाचं माप. तिने कमी खाऊ नये म्हणून मी सगळं केलं होतं, आणि माझ्यामुळेच ती पावसाळाभर अर्धपोटी राहिली होती, तेसुद्धा कुणाला सांगायची सोय नसताना. खरं सांगितलं असतं तर निदान मी तिच्याशी भांडू शकलो असतो. भांडण तर मला चांगलं जमतं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात इतका हलका होता की मी आणखीच रडलो.

बायको परत आली तेव्हा आम्ही दोघं कोठीतले डबे बाहेर काढत होतो. म्हणजे मी काढत होतो आणि आई मोजत होती. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचला. मला म्हणाली, "सांगितलं होतं ना?" मग आईकडे वळली. सोळा वर्षांत मी तिला आईशी आवाज चढवून बोलताना ऐकलं नव्हतं. "आई, आजपासून जेवढ्या पोळ्या होतील तेवढ्या तिघांत सारख्या. कमी पडल्या तर तिघांना कमी पडतील. तुम्ही एक खाल्लीत तर मीही एकच खाणार, आणि हेही एकच खातील. बघा काय ते."

आईने माझ्याकडे तोंड वळवलं. मी म्हटलं, "मला एका पोळीने भागत नाही."

त्या संध्याकाळी तिने दोन पोळ्या खाल्ल्या. दुसरीला बराच वेळ लागला. आम्ही दोघंही ती संपेपर्यंत उठलो नाही.

आता आम्ही वर्षाचे गहू भरत नाही. भाव काही उतरलेला नाही. दर महिन्याला लागतील तेवढेच आणतो, आणि कोठीच्या तळाशी ते जेमतेम वीतभर चढतात. आई सकाळी कोठी वाजवते आणि "दहा दिवसांचे आहेत" किंवा "आता आणायला हवेत" असं सांगते. तिचा अंदाज चुकत नाही. तिची बांगडी अजून सैलच आहे, पण आता मनगटापाशी असते.

महिन्याभराच्या गव्हाला एरंडेल लावायची काही गरज नसते. बायको दर वेळी तसं म्हणते आणि दर वेळी वाडगं काढून देते. मी गहू चादरीवर ओततो, वाडगं आईजवळ ठेवतो आणि मोबाइल आत ठेवून तिच्या समोर बसतो. ती बोटं तेलात बुडवते, वर धरून मला दाखवते आणि मगच गव्हात हात घालते. दुपारी दुसरी पोळी संपली की ताटही तसंच उचलून दाखवते.