उज्वलाचा बोटीवरचा नवरा

उज्वलाला दुसरा नवरा मी मिळवून दिला. तिला न विचारता, आणि पहिल्याशी फारकत होऊन महिना होतो न होतो तोच.

झालं असं, की तिच्यासाठी सातपूरला खोली बघायला मी गेलो. उज्वला आमच्याच कारखान्यात पॅकिंगला. 'एकट्या बाईला देत नाही' म्हणत बऱ्याच घरमालकांनी तिला वाटेला लावलेलं. म्हणून गोजराबाईंनी, म्हणजे या खोलीच्या मालकीणबाईंनी, "मिस्टर काय करतात?" विचारलं आणि माझी जीभ घसरली. "बोटीवर असतात," मी म्हणालो. पटकन घरी येऊ न शकणारा दुसरा माणूस मला सुचेना.

टेंपोतून सामान उतरलं. माहेरचं लोखंडी कपाट मी उलटं धरल्यामुळे जिन्याच्या वळणावर अडकलं. गोजराबाई खालून म्हणाल्या, "साहेब असते तर बरं झालं असतं!"

"कोण साहेब, नाना?" उज्वलानं वरून मला विचारलं. मी हळूच सांगितलं. तिनं अशी काही नजर टाकली, की कपाट आणखी घट्ट बसलं.

मग त्या साहेबानं घर व्यापलं. नळ गळतोय? साहेब आले की बघतील. भिंतीत खिळा ठोकायचाय? साहेबांना विचारा. शेजारणीनं त्याच्यासाठी लोणच्याची बरणी दिली. उज्वला कामाला निघाली की "फोन आला का साहेबांचा?", परतली की तेच.

"पहिला निदान ड्युटीवर तरी जायचा," उज्वला कावून म्हणाली. "हा चोवीस तास घरात!"

"खरं सांगितलंस तर खोली जाईल गं."

तिनं दारावर पाटी मात्र लावलीच: उज्वला धोंडीराम विधाते. धोंडीराम म्हणजे पिंपळगावचे तिचे वडील. गोजराबाईंनी पाटी वाचली आणि खूश झाल्या. "साहेबांचं नाव जुन्या वळणाचं आहे हो!"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी तिला ओढूनच खाली नेलं. मी तो नळ बघायला आलेलो, पान्हा घेऊन दारात उभा.

"घ्या नाव धोंडीरामरावांचं! उखाण्याशिवाय वाण नाही!" बायका हटून बसल्या.

उज्वलानं पदराला हात पुसले.

"धोंडीराम माझे वडील आहेत. नवऱ्याशी माझी फारकत झालीय. बोटीवर कुणी नाही."

लोणचं देणारी शेजारीण पुटपुटली, "मग बरणी?"

"मी संपवली. मीठ कमी होतं."

गोजराबाईंनी हळदीकुंकवाचं तबक बाजूला सारलं. "खोलीचं उद्या बोलू," एवढंच म्हणाल्या.

जिन्यात मी तिला गाठलं. "थोडी कळ काढायचीस! कंटाळाच आला होता तर बोट बुडवली असती मी. सगळे हळहळले असते, खोलीही राहिली असती."

"नाना, मला तुमच्या नवऱ्याची विधवा व्हायचं नाही."