चुलीपर्यंतची पोकळी

कल्पना करा, तुम्ही बोअर मारताय आणि खाली फिरणारा रॉड एकाएकी आठ फूट निसटतो. माहूरजवळच्या एका शेतात उदगीरच्या संगमेशचं तसंच झालं. आयुष्यभर त्यानं काळा पाषाण फोडलेला. चुनखडीशी गाठ पहिल्यांदाच. जुन्या सवयीनं त्यानं भोकातला चुरा बाहेर फेकणाऱ्या हवेचा दाब वाढवला.

शेताची मालकीण कुसुमबाई घरातून पळतच आली. "बंद कर रे! माझ्या चुलीतून फुफाटा उडून राहिला!"

घर शंभर पावलांवर होतं. संगमेशनं मशीन थांबवलं.

"मावशी, घराखाली काय हाय?"

"मला काय इचारतो? भोक तू पाडलंस!"

म्हणजे पाण्यानं युगानुयुगं कोरलेली पोकळी थेट चुलीखाली गेली होती. बोअर मशीनची वीस टनांची गाडी हलवायला संगमेश धजेना. तिच्या चाकांखाली दगडाचा थर उरलाय तरी किती?