अठरा नंबरची बाटली

एदेलमिराच्या हाताला वजनकाटासुद्धा वचकून असतो, असं हवानातल्या त्या प्रयोगशाळेत म्हणत. एकवीस वर्षं बाईने एकच काम केलं. कॅल्शियम-फॉस्फेटची भुकटी भट्टीत भाजायची आणि मोडक्या हाडांत भरायचे पांढरे दाणे बनवायचे. मध्येच वीज गेली की अख्खा घाणा वाया जाई आणि ती वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

पुढे त्या दाण्यांत जस्त आणि स्ट्रॉन्शियम मिसळायचं ठरलं, म्हणजे हाड लवकर धरेल. पण किती? कमी पडलं तर हाड ढिम्म, जास्त झालं तर जिवंत पेशीच मरायच्या. दोन वर्षं सशांवर प्रयोग करत राबून ते प्रमाण एदेलमिरानेच बसवलं. नाव मात्र प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर उरुतिया यांचं झालं. ती आपली पुढच्या घाण्याचं वजन करत राहिली. अशा माणसांचं हे असंच होतं, आणि मला त्याचा भयंकर राग येतो.

माणसांवरच्या चाचणीसाठी तिने चाळीस बाटल्या भरल्या. निम्म्यांत नवे दाणे, निम्म्यांत साधे. वर नुसते नंबर. कशात काय, ती यादी तिच्या कपाटात कुलूपबंद. रोग्याला कळायचं नाही आणि डॉक्टरलाही नाही.

त्यातच तिचा धाकटा भाऊ ओविदिओ, बस चालवणारा, गच्चीवरून पडला. नडगीचं हाड वर्ष झालं तरी जुळेना, म्हणून त्यालाही चाचणीत घेतलं. कुबड्या टेकत तो बहिणीच्या स्वयंपाकघरात आला.

"ताई, मला अठरा नंबर आलाय. काय आहे गं त्यात?"

"सांगता येत नाही. कॉफी घे."

"नको सांगूस. नुसती बदल. भरतेस तर तूच!"

"एक बदलली की चाळीसही खोट्या ठरतात, राजा."

"अगं, क्लचवर पाय बसला नाही तर मला बस कोण देईल? तुझा तो काटा?"

अठरा नंबरात साधे दाणे होते, हे तिला ठाऊक होतं. तरी ऑपरेशनच्या सकाळी तिने तीच बाटली आपल्या हाताने दिली.

नवे दाणे मिळालेले बहुतेक जण सहा महिन्यांत चालू लागले. ओविदिओचं हाड धरलंच नाही. बस गेली, काठी आली.

मग तपासणीत बिंग फुटलं. कपाटाची दुसरी किल्ली उरुतियांकडे होती. यादी बघून त्यांनी आपल्या सासूबाईंसाठी आणि आणखी चार ओळखीच्यांसाठी बाटल्या बदलल्या होत्या. चाचणी रद्द झाली, चाळीसच्या चाळीस निकाल केराच्या टोपलीत गेले. डॉक्टरांची बदली झाली, तीही बढतीवर.

एदेलमिरा त्याच दुपारी भावाकडे गेली. सगळं सांगितलं, आणि न विचारता हेही सांगितलं, "अठरा साधी होती. मला माहीत होतं."

ओविदिओने काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"त्या सासूबाई चालतात?"

"चालतात. जिनेही चढतात."

"नशीब लागतं, ताई," तो म्हणाला. "त्यांना लबाड जावई मिळाला. मला प्रामाणिक बहीण."