हिरवा रंग काठीकडे

एप्रिलमध्ये आमच्या रिसॉर्टवर आयर्लंडचे एक म्हातारे पाहुणे आणि त्यांची मुलगी उतरली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुपारची सफारी सोडली आणि माझ्याकडे एक सरळ बांबू मागितला. मी तिथं स्वयंपाकघरात कामाला होते. बांबू कशाला, हे मी विचारलं नाही. त्या दिवसांत मी कोणालाच काही विचारत नसे.

आदल्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत माझा नवरा पहाटे टोपली घेऊन जंगलात गेला आणि वाघानं त्याला मारलं. दहाच्या सुमारास लोकांना तो सापडला. पुढे रिसॉर्टच्या मालकांनी मला कामावर घेतलं. पाहुणे वाघ बघून येत, जेवताना मोबाइलवर फोटो दाखवत, आणि मी पोळ्या वाढत असे. हिला किती जड जात असेल, असं बायका आपसात बोलायच्या. जड काहीच जात नव्हतं. भूक लागली तरी ती दुसऱ्याच कोणाला लागल्यासारखी वाटायची.

बांबू घेऊन गेले तर म्हाताऱ्यानं बॅगेतून झेंडा काढला. हिरवा, पांढरा, केशरी. मला वाटलं आपलाच. पण पट्टे उभे होते आणि चक्र नव्हतं. आमचा गाईड तिथंच चहा पीत बसला होता. तो म्हणाला, "बाई, हा त्यायच्या देशाचा झेंडा. आज त्यायच्या गावची हर्लिंगची मॅच हाय. काठ्यायनं बॉल मारतेत तो खेळ. हे बाबा तिथी मैदानावर झेंडा लावतेत, चाळीस वर्षांपासून."

मी केशरी बाजू बांबूला लावली होती. म्हाताऱ्यानं हळूच झेंडा फिरवला. हिरवा रंग नेहमी काठीकडे हवा, उलटा लागला तर तो दुसऱ्याच देशाचा होतो, असं त्यानं गाईडकरवी सांगितलं. आमच्यात केशरी वर हवा, झेंडा जमिनीला टेकू द्यायचा नाही, दुसऱ्या देशाचा झेंडा शेजारी असला तर दोन्ही सारख्या उंचीवर, हे मी सांगितलं. तालुक्याच्या क्रीडास्पर्धेत शाळेकडून संचलनाला झेंडा मी धरायची. म्हातारा मान हलवत होता. त्यांच्याकडेही तसंच होतं म्हणे. बऱ्याच महिन्यांनी मी एका दमात एवढं बोलले होते.

साडेचारला मॅच सुरू व्हायची होती. बांबू आम्ही अंगणातल्या खांबाला सुतळीनं बांधला. मुलीनं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. त्यांचं राष्ट्रगीत लागलं तसा म्हातारा उठला, टोपी काढली आणि मोबाइलकडे पाठ करून झेंड्याकडे तोंड केलं. मुलगीही वळली. माझ्या हातात भज्यांची ताटली होती. ती खाली ठेवून मी सावधान उभी राहिले. सवयीनं पाय जुळले, इतकंच.

गीत संपलं आणि फाटकातून चार माणसं आत आली. रस्त्यावरून त्यांना झेंडा दिसला होता. पुढे माझा दीर होता.

"चक्र कुठी गेलं?" तो ओरडला. "झेंड्याची थट्टा करून राह्यले का तुमी?"

त्यातल्या एकानं बांबू हिसकला. सुतळी तुटली, बांबू कलला, झेंडा खाली यायला लागला. मी पुढे होऊन तो दोन्ही हातांवर झेलला. मातीला टेकला नाही.

"हा आपला झेंडा नाई," मी म्हणाले. "आपले पट्टे आडवे, यायचे उभे. आपलं केशरी वर. यायचा हिरवा काठीकडे."

"तुले काय समजते?" बांबू धरलेला माणूस म्हणाला.

दीर माझ्याकडे बघत होता. "वहिनी, तू यायच्याकडून बोलून राह्यली?"

"मी शाळेत जे शिकली ते सांगून राह्यली. आपला झेंडा कोणी असा ओढला तर तुले चालन का?"

गाईडनं मोबाइलवर त्यांच्या मैदानाचं चित्र दाखवलं. तिथंही तोच झेंडा होता. दीरानं बांबू घेतला, सुतळीला गाठ मारली आणि मला विचारलं, "हिरवा इकडं ना?" मी हो म्हणाले.

म्हातारा रागावला नव्हता. त्यानं खुर्च्या ओढल्या आणि त्यांना बसायला सांगितलं. ते बसले. भजी संपली, मी दुसरा घाणा काढला.

मध्यंतरात दीरानं पडद्यावर बोट ठेवलं. देशाच्या झेंड्याशेजारी त्यांच्या गावच्या क्लबचा झेंडा होता, तो अर्ध्यावर होता. "तो खाली काऊन?"

गाईडनं विचारून सांगितलं. त्या गावात एक बाई खेळाडूंचे कपडे धुवायची. त्याच आठवड्यात ती वारली. आपलं माणूस गेलं की ते क्लबचा झेंडा आधी पार वर नेतात, मग अर्ध्यावर आणतात.

दीर माझ्याकडे बघायला लागला. गाईडनं म्हाताऱ्याला हळू आवाजात काही सांगितलं. बहुतेक माझ्याबद्दल. म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी आत काहीतरी हलण्याची वाट बघत होते. रडू येईल असं वाटलं. आलं नाही. कढईतलं तेल तापून धूर यायला लागला होता, म्हणून मी उठून गेले.

सूर्य बुडायच्या आधी म्हाताऱ्यानं मला झेंडा उतरवायला बोलावलं. दोन टोकं त्यानं धरली, दोन मी. त्यांचं गाव हरलं होतं. घडी घालून झाल्यावर तो "थँक यू" म्हणाला. सकाळी ते दोघं निघून गेले.

पावसाळ्यात, पंधरा ऑगस्टला, गावात कबड्डीचे सामने होते. आदल्या दिवशी दीर घरी आला. दारातूनच म्हणाला, "वहिनी, झेंड्याची दोरी उद्या तूच बांध. आमच्याकडून चूक होईल."

मी गेले. दोरी बांधली, गाठ ओढून बघितली. सरपंचांनी झेंडा फडकवला, सगळ्यांनी राष्ट्रगीत म्हटलं, मीही म्हटलं. मग बायकांमध्ये जाऊन बसले. शेजारणीनं उकडलेल्या शेंगा दिल्या, त्या खाल्ल्या. समोर मुलं चिखलात लोळून एकमेकांना धरत होती, लोक ओरडत होते. आमचं गाव जिंकलं की हरलं, हे मला घरी गेल्यावर सासूला विचारावं लागलं.