गाठीचं धनुष्य

फावड्या-कुदळींचे दांडे बनवणाऱ्या कारखान्यात फुलीवाल्यांनी उभा जन्म एकच काम केलं: दुसऱ्याने केलेल्या दांड्यात खोट काढायची. गाठ दिसली, मार फुली. रेषा तिरकी गेली, मार फुली. फुली पडलेला दांडा थेट भट्टीत. एवढ्या गुणी माणसाला निवृत्तीनंतर घर पुरेना, यात नवल ते काय! पडदे पास होईनात, भाजी पास होईना. शेवटी बायको म्हणाली, "अहो, एखादी वस्तू स्वतः करून तरी दाखवा!"

हे त्यांना चांगलंच झोंबलं. मेहुणा जेवायला आला होता, त्याच्या देखत त्यांनी जाहीर केलं की आपण अखंड लाकडातून माणसाएवढं उंच धनुष्य बनवणार, आणि त्यात कुणी खोट काढूनच दाखवावी. मेहुणा त्याच कारखान्यात लेथवर दांडे काढायचा. सर्वांत जास्त फुल्या त्याच्याच वाट्याला आल्या होत्या. "बघायला येतो हं, भावोजी," तो म्हणाला आणि ताटात बघून हसला.

मग सुरू झालं लाकूडसंशोधन. धनुष्याला लाकूड हवं चिवट. वाकवलं की वाकावं, सोडलं की मुकाट्याने सरळ व्हावं. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, गाठ नको, भेग नको. जावई निवडताना त्यांनी हेच गुण मागितले होते. वखारवाला त्यांना बघताच आतल्या खोलीत पळू लागला. एक दांडकं फार सुकलेलं, दुसरं ओलं, तिसरं मुळातच आडमुठं. नाकारलेली लाकडंही ते घरी आणत, न जाणो उद्या मत बदललं तर! मत बदलेना. पलंगाखाली लाकूड, न्हाणीघरात लाकूड. बायको एकदा अडखळून पडता पडता वाचली, तेव्हा तिने डोळे मिटून एक दांडकं उचललं आणि त्यांच्या हातात कोंबलं.

"याचंच करा. नाहीतर सगळ्यांचं सरपण करते."

तासता तासता वरच्या अंगाला गाठ निघालीच. फुलीवाल्यांनी कपाळाला हात लावला. पण बायको बोलते ते करून दाखवते हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी काम पुढे रेटलं. गाठीभोवती लाकूड जरा जास्त ठेवलं, हलकेच कानस फिरवली, तेल चोळलं. होता होता त्या गाठीचा त्यांना इतका लळा लागला की येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आधी तीच दाखवू लागले.

मेहुणा आला. त्याचा अंगठा धनुष्यावरून सावकाश सरकत गेला आणि थांबला.

"भावोजी, गाठ आहे."

"अरे, असू दे की! भोवती लाकूड ठेवलंय मी. काही होत नाही तिला."

"मीही ठेवायचो," मेहुणा म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. "तुम्हाला सांगायचोही. तुम्ही एकदा तरी दांडा आपटून बघितलात?"

फुलीवाल्यांना हो म्हणायचं होतं, पण बायको समोरच उभी होती.

"नाही बघितला."

"मग हे तरी ओढून बघा."

ते अंगणात गेले आणि दोरी ओढू लागले. लाकूड वाकलं, कुरकुरलंसुद्धा नाही. अर्ध्यावर त्यांचे हात थांबले. धनुष्य मोडलं तर हसं होईल, ही भीती आता उरली नव्हती. मोडलं नाही तर मेहुण्याकडे कोणत्या तोंडाने बघायचं, तेच त्यांना कळत नव्हतं.